पहिला मोठा घास

टेबल कुठलं घ्यायचं यावरूनच पहिली पाच मिनिटं गेली. माईंना दारापासून लांबचं हवं होतं, कारण दार उघडलं की वारा येतो. थोरल्या मुलाला कडेचं हवं होतं, म्हणजे नानांना पाय पसरता येतील. चिमणीला कुठलंही चाललं असतं, फक्त ते सॉसच्या पंपाजवळ हवं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा लवाजमा निघाला होता त्या नानांना कुणी विचारलंच नाही. ते काठी टेकत टेकत खिडकीजवळच्या लाल बाकावर जाऊन बसले आणि काचेबाहेर बोट दाखवून म्हणाले,

"तिसरा मजला... डावीकडून... चौथी."

रस्त्यापलीकडे रुग्णालय होतं. त्या चौथ्या खिडकीमागे नाना सात आठवडे पडून होते. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती आणि घशानं तर कामच सोडलं होतं. पाण्याचा थेंबसुद्धा पोटात जायचा सोडून श्वासात जायचा. नाकातल्या नळीतून जाईल ते अन्न. तेव्हा उशाला टेकून बसवलं की त्यांना समोर हे बर्गरचं दुकान दिसायचं. काचेआडची माणसं दोन्ही हातांत गोल पाव धरायची आणि लहान पोरासारखा आ वासून चावायची. एका दुपारी नानांनी डाव्या हातानं पाटीवर गिरगटलं होतं, ‘बरा झालो की तिथे.’

नळी निघाली, नाना घरी आले आणि मग नऊ महिने डब्यातलं गाळलेलं, घोटलेलं अन्न चमच्याचमच्यानं खात राहिले. गुरुवारी गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांची परीक्षा घेतली आणि सांगितलं, "नरम, ओलं, नीट चावता येईल असं सगळं चालेल आता. पण हळू." त्यावर नाना एकच शब्द बोलले. तो शब्द ऐकून बाई आधी नाही म्हणाल्या, मग हसल्या, मग चार अटी घालून हो म्हणाल्या.

आज रविवार होता. ऊन छान पडलं होतं. सगळ्यांनी धुतलेले-इस्त्रीचे कपडे घातले होते. बेबी मात्र सकाळपासून पर्समधला रुमाल काढत होती आणि परत ठेवत होती.

बेबी म्हणजे नानांची धाकटी. चाळिशी उलटली तरी नाव बेबीच राहिलं होतं. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दिवसाला तीनशे माणसांना ‘जेवणाआधी की जेवणानंतर’ हे समजावणारी ही बाई घरात आली की मात्र बेबी व्हायची. काल माईंनी तिला फोनवर सांगितलं होतं, "हे कालपासून आरशासमोर उभं राहून एक वाक्य घोकतायत. तुझ्याबद्दल आहे. मी काही सांगत नाही हो, पण रुमाल घेऊन ये."

म्हणून तो रुमाल.

"तू का अशी बसलीस आंबट तोंड करून?" माईंनी आता विचारलं. "आज तर तुझा दिवस."

"काही नाही गं. भूक लागलीय."

"लागणारच! नऊ महिने बापासाठी राबलीस." माई शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंकडे वळल्या. "ही माझी लेक. दुकानातली नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी तीन डबे आणायची. रोज! पाणीसुद्धा दाट करून बाटलीत भरून, ठसका लागू नये म्हणून. नाहीतर हल्ली कोण करतं?"

अनोळखी बाई कौतुकानं हसल्या. बेबीनं मेनूकार्ड उचलून त्यामागे तोंड लपवलं.

*

काउंटरवर रांग होती. थोरला चिमणीला घेऊन उभा राहिला. पोरगी आता पंधराची झाली होती आणि एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे यायची. बाकीचे दिवस आईकडे. तीन वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती, म्हणजे त्याबद्दल न बोलण्याची.

"एक बर्गर वेगळा हवाय," थोरल्यानं काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. "पाव शेकायचा नाही. कांदा नको, पानं नकोत, काकडी नको. आतली टिक्की मऊ, कडा कडक नकोत. आणि सॉस दुप्पट."

मुलीनं टाइप करता करता वर पाहिलं. "मग बर्गरमध्ये राहिलं काय?"

"माझा बाप राहिला," थोरला म्हणाला. "तेवढं पुरे."

मुलीला ते कळलं नाही, पण ती हसली आणि सतरा नंबरचा पत्र्याचा आकडा त्याच्या हातात ठेवला. दोघं बाजूला झाली. चिमणी नखं कुरतडत होती.

"बाबा, आत्या आज सांगणार आहे का?"

"काय सांगणार आहे?"

 चिमणीनं मागे वळून खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "ते डबे आत्याचे नसतात. आईचे असतात. ती ड्युटी संपवून घरी येते, रात्रीसाठी आमचं करायच्या आधी आजोबांचं करते. आणि आत्याच्या दुकानात नेऊन देते. तुम्ही आत्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून."

थोरल्यानं हातातला सतरा नंबर उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

चिमणीची आई समोरच्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पथ्याचं जेवण करायची. सकाळी सहाला लागायची, दीडला सुटायची. कुणाला मीठ नाही, कुणाला साखर नाही, कुणाला सगळं गाळून. प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी तिच्याकडे यायची. नाना तिथे सात आठवडे होते. म्हणजे त्यांच्या नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी तिच्या हातात पडली असणार. हे आपल्या डोक्यात कधी कसं आलं नाही, असा प्रश्न थोरल्याला पडला, आणि उत्तरही लगेच मिळालं. त्यानं ते येऊच दिलं नव्हतं.

"तिनं का नाही सांगितलं?"

"आई म्हणते, माझं नाव कळलं तर आजोबा खाणार नाहीत. आणि न खाऊन चालणार नव्हतं." चिमणीनं बापाकडे सरळ पाहिलं. "आजोबा तिला काय बोलले होते ते मला आठवतंय, बाबा. मी जिन्यातच होते."

त्यालाही आठवत होतं. त्या दिवशी बॅग आणि पोरगी घेऊन ती जिना उतरत होती आणि वरून नाना, आयुष्यभर आवाज न चढवलेले नाना, ओरडले होते, "पुन्हा या घरात आलीस तरी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही मी!" त्या वेळी थोरला त्यांच्या मागे दारात उभा होता. एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. तो बोलला नव्हता.

"बाबा, आपला नंबर आला," चिमणी म्हणाली.

*

ट्रे आला तसं टेबल शांत झालं. नानांच्या गळ्यात माईंनी कागदी रुमाल खोचला, नानांनी तो काढून टाकला. थोरल्यानं सुरी घेतली. "नाना, चार तुकडे करतो."

"नाही."

"बाईंनी सांगितलंय, लहान घास..."

"घास लहान... घेईन. कापायचा... नाही."

त्यांनी डाव्या हातानं बर्गर धरला, उजव्या हाताची वाकडी बोटं एकेक करून त्याला टेकवली आणि तो तोंडाशी नेला. नानांनी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत तारेला लटकून काम केलेला हा माणूस आता एका पावासमोर घाबरला होता.  बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी हनुवटी खाली घेतली, तोंड उघडलं, आणखी थोडं उघडलं, आणि चावले.

सॉस हनुवटीवर आला. पाव लोण्यासारखा मऊ होता. नानांनी चावलं, खूप वेळ चावलं. माईंनी टेबलाची कड गच्च धरली होती. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतः भरवलेल्या दुसऱ्याच चमच्याला नाना काळेनिळे पडले होते. त्यानंतर माईंनी चमच्याला हात लावला नव्हता. ती गोष्ट त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या.

नानांच्या घशाची गाठ वर गेली. खाली आली.

सगळे वाट पाहत राहिले. ठसका आला नाही.

"गेला," नाना म्हणाले, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. "अरे... गेला की!"

चिमणीनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंनीही वाजवल्या. माई हसत-रडत म्हणाल्या, "जग चंद्रावर गेलं आणि आमच्याकडे घास पोटात गेला म्हणून टाळ्या!" नानांनी आणखी तीन घास घेतले, प्रत्येक तितकाच सावकाश. मग बर्गर ट्रेमध्ये ठेवला, हात पुसले आणि बेबीकडे वळले.

बेबीला कळलं, आता ते वाक्य येणार.

"लिफ्ट अडकली ना," नाना सुरू झाले, एकेक शब्द उचलून ठेवत, "की आतला माणूस... घाबरतो. मी आधी... दाराच्या फटीतून सांगायचो. मी आलोय. मग तो... थांबू शकायचा. कितीही वेळ." त्यांनी श्वास घेतला. "हे नऊ महिने... मी आत होतो. रोज संध्याकाळी... डबा यायचा. मला वाटायचं... बाहेर कुणीतरी आहे. बेबी, पोरी... तुझे उपकार..."

"नाना, थांबा," बेबी म्हणाली.

"मला... पूर्ण करू दे."

"नका करू. ते माझं नाही." तिनं पर्समधला रुमाल काढला. "डबे मी नाही केले. एकही नाही. मी फक्त आणून द्यायचे. वहिनीनं केले."

माईंचा हात हवेतच राहिला. "कोणत्या वहिनीनं?"

"मला एकच वहिनी आहे, माई."

 बेबी आता थांबणार नव्हती. "ती दुकानात आली. म्हणाली, नानांचं अन्न चुकलं तर न्यूमोनिया होईल, मला ते बरोबर करता येतं. चमचा उलटा केला की गोळा अख्खा पडला पाहिजे, चिकटता कामा नये, गुठळी राहता कामा नये. म्हणाली, माझं नाव सांगू नका, तुमच्या नावानं जाऊ दे. मी हो म्हटलं. सुरुवातीला तिच्यासाठी गप्प बसले, नाना. पण नंतर..." तिनं रुमाल तोंडाशी धरला. "नंतर मला बरं वाटायला लागलं. माई माझं कौतुक करायची. तुम्ही माझ्याकडे बघून हसायचात. लहानपणापासून दादाचंच सगळं व्हायचं. मला ते सोडवेना."

"अगं, मी अख्ख्या इमारतीला सांगत सुटले!" माई म्हणाल्या. "लेक असावी तर अशी म्हणून!" त्यांना राग कुणाचा आलाय हे त्यांनाच कळेना. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भोपळ्यात जायफळाचा वास यायचा. मी चाखलं होतं. माझ्या सुनेचा हात, आणि मला ओळखता आला नाही. की ओळखायचाच नव्हता, देव जाणे."

 नाना रस्त्यापलीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती की संताप, हे थोरल्याला कळत नव्हतं, आणि न कळणं त्याला सहन होईना. बेबीनं तरी तोंड उघडलं होतं.

"नाना," तो म्हणाला. "माझंही एक आहे."

"दादा, आज नको," बेबी म्हणाली.

"आजच. ती घर सोडून गेली नव्हती. छापखान्यातली माझी नोकरी गेली होती. अकरा महिने मी रोज डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की नानांना खरं सांग. मी तिला म्हणालो, चालती हो. आणि तुम्हाला सांगितलं की तिला आपलं घर नकोसं झालंय." त्यानं खाली मान घातली. "तुम्ही जिन्यात ओरडलात, ते माझ्यावर ओरडायला हवं होतं."

चिमणी बापाकडे बघत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. आईनं तिला कधीच सांगितलं नव्हतं.

नाना काचेकडून वळले. त्यांनी ना मुलाला काही विचारलं ना मुलीला.

"कुठे... आहे ती?"

"समोर," चिमणी म्हणाली. "दीडला सुटते. सुटलीच असेल आता."

"बोलव."

चिमणीनं फोन लावला. "आई, तू इकडे ये ना, बर्गरच्या दुकानात. हो, आजोबा आहेत. नाही, म्हणजे... तू ये फक्त. लगेच ये."

*

ती धावतच आली. ‘लगेच ये’ एवढंच तिनं ऐकलं होतं. आज नाना पहिल्यांदा पाव खाणार हे तिला पोरीकडून कळलेलं होतं, आणि सकाळपासून ती पातेली ढवळताना त्याच काळजीत होती. एप्रन काढायचंही भान राहिलं नव्हतं. टोपीनं केस चप्प बसले होते. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे नाही, सासूकडे नाही. थेट नानांपुढे वाकून त्यांच्या ओठांचा रंग पाहिला.

"नाना, खोका बघू एकदा. जोरात."

नाना आज्ञाधारकपणे खोकले.

"आता आऽ म्हणा."

"आऽऽ."

"आवाज ओला नाही येत, म्हणजे श्वासात काही गेलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि सरळ झाली. मग तिला दिसलं की सगळे आपल्याकडे बघतायत, बेबी रडतेय, आणि ट्रेमध्ये अर्धा बर्गर आहे. तिच्या लक्षात आलं. "वन्सं, सांगितलंत तुम्ही?"

बेबीनं मान हलवली.

"कशाला? चाललं होतं ना नीट." ती एप्रनला हात पुसायला लागली. हात कोरडेच होते. "नाना, तुम्ही रागावणार असाल तर रागवा, पण आता पथ्य सोडू नका. पाणी अजून दोन महिने तरी दाटच..."

नाना उठत होते. काठी बाकाखाली घसरली होती, म्हणून त्यांनी टेबलाचा आधार घेतला. थोरला मदतीला सरसावला, त्याला त्यांनी नजरेनंच बसवलं. ते उभे राहिले. 

"तुझ्या हातचं पाणी... पिणार नाही म्हणालो," ते म्हणाले. "आणि नऊ महिने... तेच पिऊन जगलो." घोकलेलं वाक्य त्यांच्या कामाचं राहिलं नव्हतं. नवं वाक्य त्यांना जागेवरच जुळवावं लागत होतं आणि शब्द सापडत नव्हते. "मी तुला... विचारलं नाही. एकदाही. चुकलो, पोरी."

 तीन वर्षांत तिनं या क्षणाची बरीच उत्तरं तयार केली होती. काही चांगलीच झोंबरी होती. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही.

"तुमची चिठ्ठी आली तेव्हा पहिल्या दिवशी मला राग आला होता," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच्या हातात देणार होते ती. पण मग आठवलं, चिमणीच्या वेळी मला उलट्या व्हायच्या, तेव्हा तुम्ही कामावरून येताना रोज एक बर्फाचा गोळा रुमालात बांधून आणायचात. तेवढाच पोटात टिकायचा. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. मी पण मग नाही बोलले."

नानांना ते आठवतच नव्हतं. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी मान डोलावली, हो, आणायचात.

"बस ना गं," माई सरकत म्हणाल्या. "इथे बस, माझ्याजवळ. चार दारं वाजवून मला आता सगळं परत सांगत बसावं लागणार. नीट ऐकून घेते तुझ्याकडून, म्हणजे पुन्हा चूक नको."

ती बसली नाही. तिनं थोरल्याकडे पाहिलं. "आणि तू?"

"सांगितलं," थोरला म्हणाला. "सगळं. उशीर झाला, पण सांगितलं."

ती त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. त्याचं तोंड उतरलं होतं, पण खांदे तीन वर्षांत पहिल्यांदा सैल दिसत होते. "बरं केलंस," ती म्हणाली. मग नानांकडे वळली. "एक स्पष्ट सांगते. मी याच्याकडे परत येत नाहीये. माझं आणि चिमणीचं बरं चाललंय."

"त्याच्याकडे... नको," नाना म्हणाले. "माझ्याकडे येत जा."

त्यावर चिमणीला एकदम हसू फुटलं, आणि हसताना ती रडायलाच लागली. तिच्या आईनं तिला जवळ घेतलं आणि मग कुठे बाकावर, माई आणि पोरीच्या मधल्या जागेत, ती टेकली. बेबीनं टेबलावरून हात पुढे केला. तिनं तो घेतला. 

"जेवलीस का?" माईंनी विचारलं.

"सकाळी चहा झाला होता."

"सगळ्या जगाला पथ्याचं करून घालते आणि स्वतः उपाशी! थांब, थोरल्या, जा रे, हिच्यासाठी..."

पण नाना आधीच निघाले होते. चिमणीनं काठी काढून त्यांच्या हातात दिली होती. टेबलांच्या मधून ते काउंटरच्या दिशेनं चालले होते. झटक्यानंतर नाना परक्या माणसाशी बोललेच नव्हते. फोन वाजला तरी माईंकडे सरकवायचे. दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत जायचे. त्यांच्या तोंडून शब्द वाकडे निघतात आणि समोरचा माणूस डोळे फिरवतो, हे त्यांना सोसवत नसे.

थोरला अर्धवट उठला. "ते पडतील. आणि त्यांना बोलता..."

"बस तू, दादा," बेबी म्हणाली. "जाऊ दे त्यांना."

रांगेतल्या दोघांनी काठी बघून त्यांना पुढे जायला वाट करून दिली. नाना काउंटरला टेकले. ते काहीतरी म्हणाले. मुलीला कळलं नाही. "काय म्हणालात, आजोबा?" नानांची मान लाल झालेली इथून दिसत होती. मागे रांग वाढत होती. ते पुन्हा म्हणाले. मुलगी पुढे वाकली, तिनं डोक्यावरचा हेडफोन एका कानावरून बाजूला केला आणि म्हणाली, "घाई नाही, आजोबा. सावकाश सांगा."

नानांनी हनुवटी वर केली. बाकावर बसलेली त्यांची सून श्वास रोखून ऐकत होती.

"एक बर्गर," नाना म्हणाले. "सगळं घालून. कांदा... काकडी... पानं... सगळं. गरम."

"पार्सल की इथेच खाणार?"

"इथेच."

"बरोबर कितीजण आहात? त्याप्रमाणे रुमाल ठेवते."

नाना मागे वळले. खिडकीतून ऊन थेट त्या लाल बाकावर पडलं होतं, आणि तिथली सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी बोटानं एकेकाला मोजलं. आपल्याला धरून मोजलं. एकदा मोजून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा मोजलं.

"सहा," ते म्हणाले. तो शब्द अगदी सरळ निघाला.